वारंवार फुटणारा घोळणा

लहान मुलाचा घोळणा फुटला की घरात एकाच वेळी चार उपाय सुरू होतात. कुणी मुलाला डोकं मागे करायला लावतं, कुणी टाळूवर गार पाणी थापतं, कुणी कांदा फोडून हुंगायला देतं, तर कुणी अंगणातल्या दूर्वा वाटायला घेतं. थोड्या वेळाने रक्त थांबतं आणि त्या क्षणी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मग ‘उष्णता झाली’ असं निदान होतं. सब्जा, गुलकंद, मोरावळा सुरू होतो, आंबा बंद होतो. चार दिवसांनी सकाळी उशीच्या अभ्र्यावर पुन्हा डाग दिसतो आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो.

दोन ते दहा या वयात हा प्रकार अगदी सर्रास दिसतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्यामागे रक्ताचा आजार नसतो, मेंदूचा नसतो आणि आंब्याचाही दोष नसतो. नाकात अगदी पुढे एक बारीकशी जखम असते आणि ती भरायच्या आत पुन्हा पुन्हा उघडते. एवढं ध्यानात घेतलं की रक्त येत असताना काय करायचं, एरवी काय करायचं आणि खरी काळजी कधी करायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

रक्त येतं कुठून?

दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. या भागावर, नाकाच्या तोंडापासून फार तर इंचभर आत, चार-पाच रक्तवाहिन्यांच्या फांद्या एकत्र येतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. जेम्स लिटल या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १८७९ मध्ये आणि विल्हेल्म किसेलबाख या जर्मन डॉक्टरांनी १८८४ मध्ये या जागेकडे लक्ष वेधलं. आजही कान-नाक-घसा तज्ज्ञ तिला ‘लिटल्स एरिया’च म्हणतात. नाकातून येणाऱ्या रक्तापैकी सुमारे ९० टक्के वेळा ते इथूनच येतं.

इथेच का, याचं कारण नाकाच्या कामात आहे. बाहेरची हवा फुप्फुसात पोचण्यापूर्वी तिला शरीराइतकं ऊबदार आणि ओलसर करायचं काम नाक करतं. त्यासाठी रक्तवाहिन्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ असाव्या लागतात. त्यांच्यावर पातळ, ओलसर अस्तर असतं आणि खाली लगेच कूर्चा. मांसाची गादी अशी नसतेच. हवा कोरडी झाली की हे अस्तर सुकतं, तडकतं, त्यावर पापुद्रे धरतात. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. नाशिक-पुण्याकडची हिवाळ्यातली सकाळ किंवा रात्रभर एसी चालणारी बंद खोलीही हेच करते. म्हणजे ‘उष्णता’ या घरगुती निदानात तथ्य आहे, पण ते हवेच्या कोरडेपणापुरतं. ताटातल्या पदार्थांचा त्याच्याशी संबंध नाही.

कोरडेपणाच्या जोडीला सर्दी आणि ॲलर्जी असतात. त्यांच्यामुळे अस्तर सुजतं, रक्तवाहिन्या फुगतात, नाक खाजतं आणि मूल दिवसभर मनगटाने नाक चोळत राहतं. शिवाय लहान मुलाचं बोट नाकात गेलं की त्याचं टोक नेमकं याच जागेवर टेकतं. बहुतेक पालक ‘आमचा नाही हो बोट घालत’ असं ठामपणे सांगतात. पण बरीचशी मुलं हे झोपेत करतात, म्हणूनच डाग सकाळी उशीवर सापडतो.

घाबरगुंडी उडते ती रक्ताच्या प्रमाणामुळे. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असतं. पंधरा किलोच्या मुलात ते सव्वा लिटरहून थोडं कमी झालं. चहाच्या एका चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, म्हणजे त्या मुलाच्या एकूण रक्ताच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढं रक्त पांढऱ्या शर्टावर पसरलं आणि त्यात शेंबूड व पाणी मिसळलं, तर पाहणाऱ्याला वाटीभर रक्त गेल्यासारखं वाटतं.

पहिली दहा मिनिटं

मुलाला खुर्चीत किंवा मांडीवर ताठ बसवावं आणि डोकं किंचित पुढे झुकवावं. समोर तसराळं किंवा टॉवेल धरावा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग धरून दोन्ही नाकपुड्या घट्ट मिटाव्यात. चष्मा टेकतो तिथे, म्हणजे वरच्या हाडावर, दाबून काहीच होत नाही. रक्तवाहिन्यांचं जाळं त्याच्या खाली आहे. रक्त एकाच बाजूने येत असलं तरी दोन्ही नाकपुड्या दाबाव्यात, म्हणजे मधला पडदा दोन्हीकडून दाबला जातो. मुलाला तोंडाने श्वास घ्यायला सांगावं आणि तोंडात रक्त आलं तर थुंकायला लावावं.

आता घड्याळ पाहायचं. दहा मिनिटं, सलग. बहुतेक घरांत चूक होते ती इथे. दीड-दोन मिनिटांनी ‘थांबलं का बघू’ म्हणून चिमटी सोडली जाते आणि नुकती धरू लागलेली रक्ताची गाठ निसटते. दहा मिनिटं एरवी काही वाटत नाहीत, पण रडणारं मूल मांडीवर असताना ती संपता संपत नाहीत. म्हणून मोबाइलवर टायमर लावावा आणि त्याच मोबाइलवर मुलाला आवडीचं कार्टून लावून द्यावं. मूल रडतं तेव्हा चेहऱ्याकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि रक्त थांबायला वेळ लागतो, त्यामुळे या वेळी कार्टूनचे लाड माफ. दहा मिनिटांनंतरही रक्त येत असेल तर आणखी दहा मिनिटं तसंच दाबून धरावं.

डोकं मागे करू नये आणि मुलाला आडवं झोपवू नये. रक्त थांबलेलं दिसतं खरं, पण ते घशात उतरत असतं. पोटात गेलेल्या रक्ताने मळमळ होते आणि थोड्या वेळाने मूल काळपट लाल उलटी करतं. ती पाहून घरच्यांचा धीर सुटतो. दुसऱ्या दिवशी शी काळी झाली तर तीही बहुधा याच गिळलेल्या रक्तामुळे. नाकात कापसाचा बोळा कोंबू नये, कारण तो ओढून काढताना सुकलेली गाठही सोबत येते. दूर्वांचा किंवा इतर कसलाही रस नाकात पिळू नये. तो निर्जंतुक नसतो आणि मूल रडत असेल तर थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. कांदा आणि गार पाणी यांनी फारसं बिघडत नाही, पण त्या गडबडीत नाक दाबायचं राहून जातं, आणि तोटा होतो तो तिथे.

रक्त थांबल्यावर त्या दिवशी नाक शिंकरायचं नाही, खपली काढायची नाही, कढत पाण्याने अंघोळ आणि गरम पेयं टाळायची. धावपळ, उड्या, कुस्ती उद्यावर. रात्री झोपताना एक उशी जास्त दिली तरी चालेल.

नीट दाबूनही वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही, धार लागली, मूल पांढरं पडलं किंवा पेंगुळलं, डोक्याला मार लागल्यानंतर रक्त आलं, किंवा नाक दाबलेलं असतानाही मूल सारखे आवंढे गिळत असेल, तर थेट रुग्णालय गाठावं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार चोवीस तासांत मिळून अर्ध्या तासाहून अधिक रक्त गेलं, तरी तातडीने तपासणी हवी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकातून रक्त येणं मात्र सर्रास नाही. ते एकदाच आलं तरी डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

रक्त थांबलं, पुढे काय?

घोळणा पुन्हा पुन्हा का फुटतो, हे समजायला गुडघ्यावरची खपली आठवावी. पडल्यावर खरचटतं, खपली धरते, ती खाजते, मूल ती खरवडतं आणि जखम पुन्हा ओली होते. नाकात हेच घडतं, फक्त आपल्याला दिसत नाही. रक्त थांबल्यावर पडद्यावर खपली धरते, ती कोरड्या हवेने ताठरते, टोचू लागते, मूल बोटाने तिला ओढतं. त्यातच स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा नाकात एरवीही वस्तीला असणारा जीवाणू खपलीखाली वाढतो, त्याने सूज आणि खाज आणखी वाढते. सुजलेल्या जागी नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पुढच्या वेळी नुसत्या शिंकेनेही रक्त येतं. म्हणून या तक्रारीचा खरा उपचार रक्त थांबल्यानंतर सुरू होतो आणि तो काही आठवडे चालवावा लागतो.

पहिलं काम नखांचं. आठवड्यातून दोनदा ती अगदी आखूड कापावीत. बोट घालतो म्हणून रागावून उपयोग होत नाही. मूल तेच चोरून करतं. त्याऐवजी ‘टोचलं की मला सांग, आपण थेंब घालू’ असं म्हणून त्याला पर्याय द्यावा. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब मिळतात. दिवसातून दोन-तीनदा प्रत्येक नाकपुडीत घातले की खपली मऊ राहते. झोपण्यापूर्वी मुगाच्या दाण्याएवढं, पेट्रोलियम जेलीसारखं साधं मलम बोटाच्या टोकावर घेऊन नाकपुडीच्या तोंडाशी लावावं आणि बाहेरून नाकपुड्या हलकेच दाबून ते आत पसरू द्यावं. कापसाची काडी आत खोल घालू नये, तिनेच पुन्हा जखम होते. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल किंवा दाट मलम घालू नये, कारण ते श्वासावाटे फुप्फुसात उतरण्याची भीती असते. खोलीत एसी असेल तर तापमान फार खाली नेऊ नये. विदर्भातला पाण्याचा कूलर मात्र हवेत ओलावा सोडतो, त्यामुळे नाकाच्या दृष्टीने तो एसीपेक्षा बरा.

ॲलर्जीची सर्दी असेल तर तिचा उपचार आधी. तिच्यासाठी दिलेला नाकाचा स्प्रेच कधी कधी घोळण्याला कारण होतो, कारण त्याचं तोंड मधल्या पडद्याकडे रोखलं जातं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत स्प्रे धरला की त्याचा फवारा आपसूक बाहेरच्या भिंतीकडे जातो. एवढ्या बदलानेही काही मुलांचं रक्त येणं थांबतं.

अभ्यास काय दाखवतात

ग्लासगोमध्ये या प्रश्नावर दोन छोटे पण उपयोगी अभ्यास झाले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात काही मुलांना चार आठवडे जंतुनाशक मलम लावलं आणि काहींना काहीच दिलं नाही. आठ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा मलम लावलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांचं रक्त येणं पूर्ण थांबलं होतं, तर काहीही न लावलेल्यांपैकी २९ टक्के मुलांचं. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात फक्त पेट्रोलियम जेली आणि काहीच नाही अशी तुलना झाली. दोन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हता. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने असे सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि सर्वांत चांगला उपचार कोणता हे अजून ठरलेलं नाही, असा निष्कर्ष काढला.

यातून घरासाठी दोन गोष्टी निघतात. एक, दहातल्या जवळपास तीन मुलांचा घोळणा काही आठवड्यांत आपोआप थांबतो. म्हणूनच कुठलाही घरगुती उपाय ‘लागू पडला’ असं सांगणारे लोक नेहमी भेटतात. दोन, नुसत्या वंगणाने खपली मऊ राहत असली तरी जीवाणू जात नाहीत. घरगुती काळजी घेऊनही रक्त येत राहिलं, तर डॉक्टरांनी नाकात पाहून दिलेलं जीवाणूविरोधी मलम ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण वापरावं. दोन दिवस बरं वाटलं म्हणून ते सोडू नये.

मलमाने भागलं नाही तर रक्तवाहिनी डाग देऊन बंद करतात. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेटची काडी वापरतात. आधी औषधाने जागा बधिर करून काडी काही सेकंद टेकवायची, एवढंच ते काम. ७५ टक्के तीव्रतेच्या काडीने ९५ टक्क्यांच्या काडीपेक्षा कमी दुखतं आणि परिणामही चांगला येतो, असं मुलांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी डाग देत नाहीत. मधल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती दोन्हीकडच्या अस्तरावर जगते. दोन्ही बाजू एकदम जाळल्या तर पडद्याला भोक पडू शकतं.

सगळेच घोळणे सारखे नसतात

मोजक्या मुलांच्या बाबतीत नाकातलं रक्त ही दुसऱ्या आजाराची खूण असते. तिला ओळखण्यासाठी फार वैद्यकीय ज्ञान लागत नाही, नजर हवी.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलं आहे, असं धरून चालावं. शेंगदाणा, चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा, थर्माकोलचा गोळा, काहीही सापडतं. खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा सेल गेल्याची शंका असेल तर एक मिनिटही दवडू नये. तो काही तासांतच नाकाचा पडदा जाळतो. अशा वेळी नाकात कसलेही थेंब घालू नयेत, ओलाव्याने त्याचा दाह वाढतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ताप आणि घोळणा एकत्र आला तर डेंगी डोक्यात यायला हवा. प्लेटलेटची तपासणी त्याच दिवशी करावी. तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावं. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, न आपटता उमटणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, ही प्लेटलेट कमी झाल्याची चिन्हं. विषाणूची सर्दी-तापासारखी साथ येऊन गेल्यावर काही मुलांना हा त्रास होतो आणि बहुतेकांचा तो बराही होतो. याबरोबर रेंगाळणारा ताप, फिकटपणा, हाडदुखी, मानेत गाठी असतील तर मात्र रक्ताच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. दहा वर्षांपुढच्या मुलग्याच्या एकाच बाजूच्या नाकातून वरचेवर भरपूर रक्त येत असेल आणि तीच बाजू कायम चोंदलेली असेल, तर नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिथे तज्ज्ञाला पर्याय नाही.

राहता राहिले अनुवंशिक आजार. १९२४ साली बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरून पाच वर्षांच्या एका मुलीला हेलसिंकीला डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणलं गेलं. तिला वारंवार रक्तस्राव व्हायचा आणि तिच्या काही बहिणी त्याच कारणाने लहानपणीच गेल्या होत्या. हिमोफिलिया हा रक्त नीट न गोठण्याचा आजार बहुतकरून मुलग्यांना होतो, इथे मुलीही आजारी होत्या. डॉक्टरांनी त्या कुटुंबाचा अभ्यास करून १९२६ मध्ये हा निराळा आजार जगापुढे मांडला. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी, चौथ्याच मासिक पाळीच्या रक्तस्रावाने दगावली. आज फॉन विलेब्रांड आजार हा अनुवंशिक रक्तस्रावी आजारांत सर्वांत जास्त आढळणारा मानला जातो. तो बऱ्याचदा सौम्य असतो आणि त्यावर उपचार आहेत.

म्हणून डॉक्टर मुलाच्या नाकाबद्दल विचारता विचारता आईच्या पाळीबद्दल विचारतात, तेव्हा संकोच करू नये. आईला किंवा मावशीला पाळीत अतोनात रक्त जातं का, दात काढल्यावर कुणाचं रक्त तासन्‌तास वाहत होतं का, सुंता किंवा कान टोचताना मुलाचं रक्त थांबत नव्हतं का, या उत्तरांनी दिशा मिळते. आईवडील नात्यातले, म्हणजे मामे-आते भावंडं असतील तर तेही सांगावं. दोघांकडूनही एकच सदोष जनुक मुलात उतरला तर ग्लान्झमान आजारासारखे प्रकार होतात. त्यात प्लेटलेटची संख्या बरोबर भरते, पण त्या एकमेकींना चिकटतच नाहीत. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ एवढ्याने शंका मिटत नाही, खास तपासण्या लागतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशा आजारांवर काम चालतं.

डॉक्टरांकडे जाताना

एरवी हसतंखेळतं, वाढ चांगली असलेलं मूल, महिन्यातून एखाद-दोनदा पाच-दहा मिनिटांचा घोळणा, यासाठी तपासण्यांची रांग लावायची गरज नसते. आठवड्याला एकदा किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल तर मात्र तज्ज्ञांना नाक दाखवावं. जाताना कॅलेंडरवर केलेल्या नोंदी न्याव्यात: तारीख, कोणती नाकपुडी, घड्याळाने किती मिनिटं, त्या वेळी मूल काय करत होतं. पाचपैकी पाच वेळा उजवीच नाकपुडी असेल, तर ती एक नोंद दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते. चालू असलेली सगळी औषधं, काढेसुद्धा, सांगावीत.

महिनोन्‌महिने चाललेल्या घोळण्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आपल्याकडे पाच वर्षांखालच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आहे, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. आधीच लोह कमी असलेल्या मुलाला थोडं थोडं रक्त जाणंही परवडत नाही.

बहुतेक मुलांचा हा त्रास किशोरवयात पोचेपर्यंत मागे पडतो. तोवर घरच्यांनी आणखी एक काम करून ठेवावं. सहा-सात वर्षांचं मूल आरशासमोर चार वेळा सराव केला की स्वतःचं नाक स्वतः बरोबर धरायला शिकतं: खाली बसायचं, पुढे वाकायचं, मऊ भाग दाबायचा, सोडायचं नाही. हीच चार वाक्यं वर्गशिक्षिकेला आणि रिक्षावाल्या काकांनाही सांगून ठेवावीत, कारण घोळणा आईबाप जवळ असतानाच फुटेल असं नाही.